फ्लॅटमध्ये गावाकडचं घर आणायचंय? आधी एवढं बघून घ्या

खरेदीला निघण्याआधी घरातल्या भिंतींवर हातोडीचं मागचं टोक वाजवून बघा. कोनाडे, खुंट्या, जाड फळ्या हे सगळं भिंत कशाची आहे यावर ठरतं. विटांची नऊ इंची भिंत असेल तर कोनाडा निघतो. चार इंचीत तो निघत नाही, गवंडी कितीही म्हणो. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा विटांच्या भिंतीच नसतात, साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट असतं. बांधकामवाले त्याला मायवान म्हणतात. आत सळ्या असतात आणि इमारतीचा भार त्या भिंतींवरच असतो, त्यामुळे तिथे छिन्नी लावायची नाही. कोनाडा हवाच असेल तर भिंतीपुढे लाकडी चौकट उभी करावी लागते, आणि खोलीचे सहा-आठ इंच त्यात जातात. दहा बाय दहाच्या खोलीत हा हिशेब बसत नाही. तिथे एक जाड सागवानी फळी लावा आणि कोनाड्याचा नाद सोडा.

झोपाळा हा सगळ्यांच्या यादीत पहिला असतो, म्हणून त्याचं आधीच सांगते. कड्या तुळईत, म्हणजे बीममध्ये बसवायच्या, नुसत्या स्लॅबमध्ये नाही. दोन माणसं आणि पाट मिळून दीडशे-दोनशे किलो सहज होतात, आणि झोका घेतला की कड्यांवरचा ताण त्याहून वाढतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवा आणि सोसायटीला पत्र द्या. छतावर पीओपी करणार असाल तर कड्या आधी, पीओपी नंतर. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे राहत नसतील तर झोपाळ्यावर कपडे वाळत घातलेले दिसतील, हेही मनाशी धरा.

फरशीवर मात्र जास्त वेळ घालवा, कारण ती एकदा बसली की सहज बदलता येत नाही. शहाबादी दिसायला सुंदर, पायाला थंड आणि खिशाला परवडणारी. पण एक इंच जाडीच्या फरशीचं वजन चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतं, खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचं वेगळं. जुन्या टाइल्स न काढता वर ती बसवली तर हा सगळा भार स्लॅबवर वाढीव पडतो. निवासी इमारतीत माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरून आखणी केलेली असते. एक इंच मसाल्यासह या फरशीतच त्यातले शंभरच्या वर संपतात. म्हणून आधी जुन्या टाइल्स उचला. शिवाय शहाबादी हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग पडतो आणि संडास-बाथरूमचं ॲसिड लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. स्वयंपाकघरात ती लावणार असाल तर सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप मारून घ्या, आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना ॲसिडचं आधीच सांगून ठेवा.

लाल कोबा हा दुसरा पर्याय, आणि माझ्या मते जास्त देखणा. सिमेंटात लाल ऑक्साईड मिसळून घोटून करायचं काम आहे हे. अडचण सामानाची नसते, हाताची असते. ज्याला बोलवाल त्याने पाच-दहा वर्षांपूर्वी केलेली एखादी जमीन प्रत्यक्ष बघून या. बारीक केसासारख्या भेगा येतातच, त्या खपत नसतील तर कोबा नको. आठवडाभर पाणी मारून ओलं ठेवावं लागतं, तोवर त्या खोलीत राहता येत नाही. नक्षीच्या सिमेंट टाइल्स आवडत असतील तर त्या आजही हाताने बनतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स १९२२ पासून हेच करते आहे.

जुनं लाकूड घ्यायला मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जा. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. जाताना बॅटरी, मोजपट्टी आणि पेचकस न्या. कपाट हलवून खाली ताजा भुसा पडतो का बघा. भोकं काळपट असतील तर कीड जुनी, आतून पांढरट असतील तर ती अजून आत आहे. सांध्यात पेचकस सहज रुतला की पुढचं दुकान गाठा. सगळ्यात जास्त फसगत मापाची होते. वाड्याचं दार चौकटीसकट लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडतं. घरी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधी मोजा. बांबूचं सामान घेणार असाल तर तो बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला आहे का ते विचारा. कच्च्या बांबूत पिष्ट असतं आणि भुंगा त्याच्यासाठीच येतो.

भांडीकुंडी कमी ठेवा आणि वापरात ठेवा. पुण्याच्या तांबट आळीतून घंगाळ आणलं तर त्यात पाणी भरा, झाड लावा. बंबाचा दिवा करू नका, कृपया. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची असेल तर कल्हई हवी, आणि कल्हईवाला तुमच्या भागात येतो का हे आधी शोधा. वारली चित्रं हवीत तर स्टिकरऐवजी डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराला भिंत द्या. घोंगडीला कसर लागते, अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. ऊनच नसलेल्या फ्लॅटमध्ये सोलापुरी चादर बरी.

भिंतीला चुना द्यायचा तर प्लास्टिक पेंट आणि पुट्टी पूर्ण खरवडावी लागेल, नाहीतर पोपडे निघतात. ते जमत नसेल तर मळकट पांढरा मॅट रंग आणि पिवळसर प्रकाशाचे दिवे पुरेत.

काम दिवाळीनंतर काढा आणि मे महिन्याआधी आटपा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पॉलिश पांढरं पडतं. वायरिंग आधी, मग फरशी, मग रंग, लाकूड शेवटी. लाकडाला जवसाचं तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात द्या, आणि हे सुताराला पहिल्याच दिवशी सांगा.