रिटायरमेंटनंतर परत बेस गिटार धरायचाय? मग हे आधी वाचा

कॉलेजात असताना मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, मग कीबोर्डवाला गावी गेला म्हणून दोन प्रोग्रामपुरता त्याच्या जागी बसलो आणि वीस-बावीस वर्षं तिथंच बसून राहिलो, पुढे रात्रीची जागरणं झेपेनात तशी भजनी मंडळातली पेटी धरली. बेस तेवढी वर्षं माळ्यावर. मागच्या साली रिटायर झालो आणि खाली काढला. मला वाटलं होतं की स्वर कळतात, ताल कळतो, आठ दिवसांत जमेल. नाही जमलं. कान तयार होता पण हाताला पेटीच्या सवयी लागल्या होत्या, त्या मोडण्यातच खरे दिवस गेले.

पहिलं काम, माळ्यावरून काढला की लगेच तारा आवळायच्या नाहीत. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात माळा पत्र्याखाली असेल तर लाकडाचं काय होत असेल विचार करा. लाकूड आकसतं पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून नेकच्या (तारा दाबतो त्या लांब दांडीच्या) कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात. ती घासून घेता येतात, घाबरायचं कारण नाही. मग नेक वाकलाय का ते बघा, जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि एकदम शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट आहे ते बघा, साधारण व्हिजिटिंग कार्डाइतकी असली की ठीक. फार जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, फिरवावा लागतो, तो अॅलन कीने एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा तपासायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर सरळ रिपेअरवाल्याकडे न्या, रॉड तुटला तर नेकच गेला समजा. तारा गंजलेल्या असणारच, त्या बदला, पण एकेक करून, चारी तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास ताण असतो, तो एकदम काढला की नेक परत हलतो. फ्लॅटवाउंड तारा मिळाल्या तर त्याच घ्या, गुळगुळीत असतात, बोटं कमी सोलतात आणि सरकताना चर्रर्र आवाज येत नाही. अॅक्टिव्ह बेस असेल तर मागचं झाकण उघडून ९ व्होल्टची बॅटरी फुटलीय का तेही बघून घ्या.

आणि हो, बेस कूलरसमोर ठेवू नका. मी ठेवला होता. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद, ट्युनिंग रोज वेगळं.

नवा घेणार असाल तर एक ऐका. नेहमीच्या बेसचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच असतो, त्यात पहिल्या चार फ्रेटवर बोटं ताणताना आपल्या वयात मनगट बोलायला लागतं. ३० इंचाचा शॉर्ट स्केल मिळतो, हलका पण असतो, लाजायचं काही नाही त्यात. पट्टा मात्र रुंद घ्या, चार किलोचं वजन अरुंद पट्ट्यावर टांगलं की अर्ध्या तासात खांदा जातो. अॅम्पसाठी जास्त खर्च नको, कीबोर्डचा अॅम्प घरात असेल तर तोच चालतो, छोट्या गिटार अॅम्पमधून मोठ्या आवाजात वाजवू नका, स्पीकर फाटेल.

आता हात. डाव्या हाताची चारही बोटं चार फ्रेटवर पसरायचा हट्ट सोडा. डबल बेसवाले (उभा, मोठा, बिनफ्रेटचा बेस वाजवणारे) नेकच्या सुरुवातीच्या भागात पहिलं, दुसरं आणि करंगळी वापरतात, अनामिका करंगळीला टेकू देते, तसं करा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. अर्थात मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवाले जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीने वाजवायचे, त्यामुळे तुमचं दुसरं बोट ऐकत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. दिवसाला दोनदा पंधरा मिनिटं, बास. बोटांची टोकं दुखणार, दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट होते. पण बोटं बधीर व्हायला लागली, मुंग्या यायला लागल्या तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी बोटाला फोड येईपर्यंत अजिबात वाजवायचं नाही.

पेटीवाल्यांना एक फायदा आहे तो वापरा. पट्टी आपल्याला पाठ असते. काळी एक म्हणजे ए तारेवर (सगळ्यात जाड तारेच्या शेजारची) चौथा फ्रेट, काळी दोन म्हणजे सहावा, पांढरी एक तिसरा. सा सापडला की त्याच फ्रेटवर शेजारच्या जाड तारेवर खालचा प, शेजारच्या बारीक तारेवर म, आणि बारीक तारांकडे एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे वरचा सा. पट्टी कुठलीही सांगा, आकार तोच, फक्त हात सरकवायचा. कीबोर्डवर हे सुख नाही.

आता जिथं मी सगळ्यात जास्त अडकलो ते. पेटीवर बोट उचलेपर्यंत स्वर वाजत राहतो, म्हणून हाताला भरत राहायची सवय लागते, गायक श्वास घ्यायला थांबला की आपण लगेच काहीतरी घुसडतो. बेसवर तेच केलं की सगळा चिखल. बेसमध्ये स्वर कधी बंद करायचा हेच वाजवणं आहे. याचा रियाज असा करा: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावा, एकच सा वाजवा आणि पुढच्या ठोक्याला डावा हात सैल करून तो बंद करा, दाब सोडायचा पण बोट तारेवरून उचलायचं नाही, उचललं की मोकळी तार वाजते. मग अर्ध्या ठोक्यात बंद करा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, शांतता स्वच्छ आहे का ते. पंधरा दिवस मी एवढंच केलं, नातू म्हणायचा, आबा, तुम्हाला एकच गाणं येतं का?

मग केरव्यावर या. धा वर सा, धी वर छोटासा प, बाकी गप्प. डग्गा घुमतो तिथं आपण, डग्गा बंद तर आपणही बंद. हे न घाबरता दहा मिनिटं जमलं की मंडळात घेऊन जा, आणि बसताना तबलजीच्या डग्ग्याच्या बाजूला बसा म्हणजे त्याचा हात दिसतो. अॅम्प आवाज एकवर ठेवून जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, फरशीवर ठेवला की खोलीभर घुमतो. मी पहिल्या गुरुवारी फरशीवर ठेवला होता, तात्यांनी अभंग अर्ध्यात थांबवला आणि म्हणाले, "काय भो, मालगाडी चालली का काय?"