पांढरट पडलेले गाडीचे काळे प्लास्टिक: स्वच्छता, उपचार आणि जपणूक

बंपरचा खालचा भाग, चाकांभोवतीच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, आरशांची बुडे आणि वायपरखालची जाळी हे भाग अनेक गाड्यांवर रंग न देता तसेच काळे किंवा गडद करडे ठेवलेले असतात. पत्र्याच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. या प्लास्टिकला मात्र असे कोणतेही कवच नसते. उन्हाचा मारा ते थेट अंगावर घेते आणि म्हणूनच पत्र्याचा रंग अजून नव्यासारखा असताना प्लास्टिक राखेसारखे फिकट होते, आणि तेवढ्यामुळे सारी गाडी जुनाट दिसू लागते. हे प्लास्टिक पुन्हा काळे करणे फारसे अवघड नाही. अवघड आहे तो काळेपणा टिकवणे; आणि तो टिकत नाही तेव्हा दोष बहुधा लावलेल्या द्रव्याचा नसून, ते लावण्यापूर्वी राहून गेलेल्या तयारीचा असतो.

हे भाग बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का बसल्यावर ते तडकू नयेत म्हणून त्यात रबरासारखा लवचीक घटक मिसळतात, ताठपणासाठी टाल्कची पूड घालतात, काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक म्हणजे अतिशय बारीक काजळी वापरतात आणि उन्हापासून बचावासाठी स्थिरकारक रसायने मिसळतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून पृष्ठभागावरच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहतात. स्थिरकारके काही वर्षे हा ऱ्हास रोखून धरतात, पण तीही संपत जातात. मग वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, टाल्कची पांढरी पूड उघडी पडते आणि अशा खडबडीत पृष्ठावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जाऊन प्लास्टिक करडे दिसते. बरेचदा आतली काजळी जागेवरच असते. ती फक्त झाकोळली जाते. कोरड्या, पांढरट पाटीवरून ओला हात फिरवला की ती क्षणभर काळीभोर दिसते, कारण पाणी तिच्या खाचा भरून काढते. प्लास्टिकवर लावायची बहुतेक सारी द्रव्ये हेच काम करतात, केवळ पाण्यापेक्षा अधिक काळ. तुटलेल्या साखळ्या मात्र कोणतेही द्रव्य पुन्हा जोडू शकत नाही, हे सुरुवातीलाच मनाशी स्पष्ट असलेले बरे.

म्हणून बाटली उघडण्याआधी समोरचा पांढरटपणा कशाचा आहे ते ओळखावे. बंपरची वरची कड किंवा जाळीचा माथा यांसारख्या आकाशाकडे तोंड असलेल्या जागा एकसारख्या फिकट झाल्या असतील आणि खालच्या, सावलीतल्या जागा अजून काळ्या असतील, तर तो उन्हाचा परिणाम आहे. ओले बोट घासून पाहावे. बोटाला खडूसारखी भुकटी लागली तर वरचा थर खरोखर झिजला आहे. पत्र्याला लागून असलेल्या कडेवर पांढरे फराटे किंवा ठिपके दिसत असतील, तर ते पत्र्याला लावलेल्या वॅक्सचे किंवा पॉलिशचे अवशेष असतात आणि त्याखालचे प्लास्टिक बहुधा सुस्थितीत असते. कडा स्पष्ट असलेली गोल वर्तुळे ही जड पाणी वाळून मागे राहिलेल्या क्षारांची असतात. मूळ रंग कसा होता याचा अंदाज हवा असेल, तर दार उघडल्यावरच दिसणारी किंवा नंबरप्लेटच्या मागे झाकली जाणारी जागा पाहावी.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. दारांच्या खांबांवर किंवा जाळीवर दिसणारे आरशासारखे चकचकीत काळे प्लास्टिक वेगळ्या प्रकारचे असते. त्यावर ब्रशचे नुसते केसही ओरखडे उमटवतात. पुढील सर्व सूचना दाणेदार, मंद पोताच्या प्लास्टिकसाठी आहेत. काढता येण्याजोग्या भागाच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरे बरेचदा उमटवलेली असतात; तेथे पीपी असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन आणि एबीएस असेल तर ॲसिटोनसारख्या द्रावकांनी विरघळू लागणारे प्लास्टिक, हे ध्यानात ठेवावे.

आता धुण्याकडे वळू, कारण या कामातला सर्वाधिक वेळ येथे गेला पाहिजे. गाडी सावलीत आणावी आणि प्लास्टिक हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पृष्ठावर साबण वाळतो आणि नवे डाग तयार होतात. प्रथम भरपूर पाण्याने माती व वाळूचे कण वाहून जाऊ द्यावेत, मग गाडी धुण्याच्या साध्या शॅम्पूने एकदा धुवावे. एवढ्याने पृष्ठ स्वच्छ दिसते, पण पोताच्या खाचांत बसलेली धूळ, रस्त्यावरचे तेल आणि पूर्वी लावलेल्या चकाकीच्या द्रव्यांचा थर तसाच राहतो. त्यासाठी सर्वोपयोगी क्लीनर साधारण एकास दहा या प्रमाणात पाण्यात मिसळून, एका वेळी हातभर जागेवरच मारावा, मिनिटभर मुरू द्यावा आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने एकदा आडवे, एकदा उभे व एकदा गोलाकार असे घासावे. दाणेदार पोतात एकाच दिशेने घासल्यास खाचेची एक बाजू कोरीच राहते. फेस मळकट तपकिरी किंवा काळपट निघेल. तो वाळण्यापूर्वीच पाण्याने काढून टाकावा आणि फेस पांढरा निघेपर्यंत हेच पुन्हा करावे. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा दोन फेऱ्यांनंतर समाधान मानले, आणि वरून लावलेला थर पहिल्याच पावसात चट्ट्याचट्ट्यांनी निघून आला. तेव्हापासून पांढऱ्या कापडाची कसोटी मी कधीही चुकवत नाही: ओले पांढरे कापड जोर देऊन फिरवावे, आणि त्यावर डाग उमटत असेल तर धुणे अजून संपलेले नाही.

वॅक्सच्या फराट्यांसाठी हेच घासणे थोड्या कोमट पाण्याने केले तर ते लवकर सुटतात, कारण उष्णतेने वॅक्स मऊ होते. लहानसा कोरडा डाग पेन्सिलच्या साध्या खोडरबरानेही निघतो. पीनट बटरचा उपाय पुष्कळ लोक सांगतात व तो काही अंशी लागूही पडतो, कारण त्यातील तेल वॅक्सला सैल करते. परंतु मागे राहणारे तेल पुन्हा धुऊन काढावेच लागते, म्हणून त्यात वेळ वाचत नाही. क्षारांच्या वर्तुळांवर पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून काही क्षण ठेवावे आणि लगेच धुवावे. मेलामाइनचा पांढरा स्पंज टाळलेला बरा. तो वस्तुतः अतिशय बारीक पॉलिशकागद आहे आणि पोताचे उंचवटे घासून तेथे चकाकणारे ठिपके पाडतो.

धुतल्यावर प्लास्टिक पूर्ण वाळणे आवश्यक आहे, आणि येथे घाई फार नडते. कडांच्या फटींत व पट्ट्यांच्या मागे पाणी साचून राहते आणि द्रव्य लावत असताना नेमके तेव्हाच ओघळते. हवेच्या झोताने फटी कोरड्या कराव्यात किंवा तास-दोन तास थांबावे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून मायक्रोफायबर कापडाने पुसून घ्यावे, म्हणजे उरलासुरला तेलकटपणा जातो. हे द्रावण ज्वलनशील असल्यामुळे ते मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर वापरावे. या क्षणी प्लास्टिक पूर्वीपेक्षाही फिकट दिसते. त्याने निराश होऊ नये. हेच त्याचे खरे रूप आहे, आणि थर धरण्यासाठी असेच उघडे पृष्ठ लागते.

लावायच्या द्रव्यांचे ढोबळपणे तीन प्रकार आहेत. पहिले ड्रेसिंग: पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉन तेलाचे दुधासारखे पांढरे द्रव्य, जे लावायला सोपे आणि चुकले तर धुऊन टाकता येते, पण काही दिवस ते काही आठवडे एवढेच टिकते. ज्यांचे प्लास्टिक अजून काळे आहे आणि जे गाडी नियमित धुतात, त्यांच्यासाठी मी हेच सुचवेन. तेलकट, फार चकचकीत प्रकार मात्र धूळ धरतात. दुसरे कोटिंग: राळेसारखी किंवा सिलिकायुक्त द्रव्ये, जी हवेत घट्ट होऊन पातळ, कठीण पापुद्रा बनवतात. ती काही महिने, आणि तयारी चांगली असेल तर वर्ष किंवा त्याहून अधिक टिकतात. फिकट झालेल्या प्लास्टिकसाठी माझ्या मते हाच योग्य मार्ग. तिसरे रंजकयुक्त द्रव्य, ज्यात काळे रंजकच असते. प्लास्टिक इतके झिजले असेल की पाण्याने ओले केल्यावरही ते काळे दिसत नाही, तेव्हाच याकडे वळावे, कारण तेथे खाच भरून भागत नाही, रंगच परत द्यावा लागतो. ही ओल्या पृष्ठाची परीक्षा फुकट आणि झटपट आहे. निवड तीवरूनच करावी.

कोटिंग लावताना पत्र्याच्या कडेने मास्किंग टेप चिकटवावी आणि हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. द्रव्य थेट गाडीवर कधीही ओतू वा फवारू नये. स्पंजवर चार-पाच थेंब घ्यावेत आणि छोट्या भागावर आडवे-उभे पसरवावेत. बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा एक-दोन मिनिटे, झाला की स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने समतल करावे. हा टप्पा सर्वांत नाजूक आहे. पत्र्यावर कोटिंगचा जाड ठिपका राहिला तर तो पॉलिश करून काढता येतो. दाणेदार प्लास्टिकवर पॉलिश करताच येत नाही, त्यामुळे वाळलेला ओघळ तेथेच राहतो. म्हणून तिरप्या प्रकाशात पुन्हा पुन्हा पाहावे, आणि पहिला प्रयोग चाकाच्या कमानीच्या मागच्या बाजूसारख्या नजरेआड जागी करावा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी चांगले. लावल्यानंतर किमान 24 तास पाणी लागू देऊ नये. बाटलीवर अधिक वेळ लिहिला असेल तर तो पाळावा.

वायपरखालच्या जाळीवर द्रव्य अगदी बेताने लावावे, नाहीतर पावसात ते काचेवर उतरते आणि वायपर फिरताच दृष्टी धूसर होते. पाय ठेवायच्या पायऱ्यांवर सिलिकॉनचे ड्रेसिंग मुळीच लावू नये. तेथून पाय घसरतो. गाडीचे रंगकाम लवकरच करायचे असेल तर ते आधी उरकावे, कारण सिलिकॉनचा अंश उरलेल्या जागी नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे सोडून पसरतो.

हीट गनविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण तिचा परिणाम पाहताक्षणी भुरळ घालणारा असतो. करड्या प्लास्टिकवर गरम हवा फिरवली की ते डोळ्यांदेखत काळे होते. पृष्ठभाग किंचित वितळून भेगा बुजतात, इतकेच त्यात घडते. संपलेली स्थिरकारके परत येत नाहीत आणि रक्षणही होत नाही, त्यामुळे ऊन पुन्हा आपले काम सुरू करते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंश सेल्सिअसला वितळते आणि हीट गन 500 अंशांहून अधिक तापू शकते. हात क्षणभर थांबला तर पोत कायमचा सपाट होतो, पट्टी वाकते, शेजारचा रंग फुगतो किंवा काच तडकते. मी हा उपाय सुचवत नाही. उकळलेल्या जवसाच्या तेलानेही काळेपणा येतो व काही काळ टिकतो, पण त्याने भिजलेली कापडे गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. बूटपॉलिश पहिल्या पावसात कपड्यांना आणि पत्र्याला लागते. पेट्रोलियम जेलीने शेजारच्या दारांची रबरे कालांतराने फुगतात.

रंग देणे हा शेवटचा पर्याय. पॉलिप्रॉपिलीनला सहसा काहीच चिकटत नाही, म्हणून त्यासाठी प्लास्टिकचा खास चिकटसाहाय्यक थर आधी मारावा लागतो; तो वगळला तर रंग पापुद्र्यांनी सुटतो.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक काम म्हणजे प्लास्टिक काळे असतानाच त्याचे रक्षण सुरू करणे. नवी गाडी आली की पहिल्या काही आठवड्यांतच, खाचांत काही बसण्याआधी, कोटिंग लावावे. त्यानंतर शक्य तितके सावलीत उभे करणे, चाकांसाठीचे तीव्र क्लीनर प्लास्टिकवर न उडू देणे, आणि पत्र्याला वॅक्स किंवा मशीनने पॉलिश करण्यापूर्वी प्रत्येक प्लास्टिकच्या कडेला टेप लावणे या तीन सवयी पुरेशा आहेत. टेप काम संपताच काढावी. उन्हात राहिली तर तिचा डिंक मागे उरतो. दर धुण्यानंतर पाणी कसे वागते तेही पाहावे. थेंब बनून घसरत असेल तर थर शाबूत आहे. पाणी पसरून प्लास्टिक सर्वत्र ओले, गडद दिसू लागले की थर संपत आला आहे, आणि ते पुन्हा फिकट पडण्याआधी, हीच नवा थर देण्याची वेळ असते.