भावना हा राज्यशास्त्राचाच विषय आहे : सोलापुरातून संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

राज्यशास्त्रात एम. ए. करताना आपण राज्य, सत्ता, न्याय, स्वातंत्र्य आणि हक्क या संकल्पना शिकतो. प्लेटोपासून रॉल्सपर्यंतच्या त्या वाचनात भावना भेटते ती बहुधा विवेकाच्या धाकात ठेवण्याची गोष्ट म्हणून. पुढे पीएच. डी.साठी पर्यावरण किंवा स्त्रीवाद हा विषय घेतलेला विद्यार्थी वस्तीत, शिवारात, कामाच्या ठिकाणी जाऊ लागतो आणि त्याच्या वहीत राग, भीती, लाज, शोक आणि अभिमान यांच्याच नोंदी जमू लागतात. संशोधनाचा आराखडा लिहिण्याची वेळ आली की या नोंदी परिशिष्टात ढकलल्या जातात, नाहीतर सरळ गाळल्या जातात. सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया आणि नान्नजच्या माळरानालगतची गावे यांचा अभ्यास करताना माझे मत उलट दिशेने पक्के होत गेले. मोलाचे काय आहे, अन्याय कोणावर झाला आणि त्याला जबाबदार कोण, याविषयीचा निवाडा भावनेत आधीच दिलेला असतो. निवाडा म्हटला की तो बरोबर असू शकतो आणि चुकीचाही असू शकतो. म्हणून तो तपासावा लागतो. ही तपासणी कशी करायची, हेच या क्षेत्रात येणाऱ्याने शिकायचे असते.

नवोदितांना मी पहिला आग्रह धरतो तो मराठीपासून सुरुवात करण्याचा. मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधातील दुःख हे केवळ दुःख नाही. धर्म, राज्य आणि ज्ञान यांवर कोणाचा अधिकार आहे, असा थेट प्रश्न त्यातून उभा राहतो. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवर आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर ओढलेल्या ताशेऱ्यांवर संतापून. त्यातील संताप बाजूला काढला, तर युक्तिवादही कोसळतो, कारण जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांच्या ठायी मोजून दाखवण्याची निकड त्या संतापातूनच आली आहे. हे दोन्ही मजकूर वाचून मग अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे १९८१ मधील रागाच्या उपयोगांवरील भाषण वाचावे. वर्णद्वेषाविरुद्धचा काळ्या स्त्रियांचा राग गोऱ्या विदुषींना अडचणीचा वाटत होता आणि लॉर्ड त्यांना सांगत होत्या, की रागात माहिती असते आणि ऊर्जा असते. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये.

त्यानंतर दोन तत्त्वज्ञ आवर्जून वाचावेत. जेनेव्हीव्ह लॉइड यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात विवेकाची कल्पनाच पुरुषत्वाशी जोडून घडवली गेली आणि जे जे विवेकाबाहेर टाकले गेले ते ते स्त्रीच्या पदरात पडले. अ‍ॅलिसन जॅगर यांचा १९८९ मधील निबंध याच्या पुढे जातो. भावनेवाचून निरीक्षण होतच नाही, आणि जे समाजाच्या उतरंडीत खाली आहेत त्यांच्या मनात प्रस्थापित मूल्यांशी न जुळणाऱ्या भावना उमटतात, असे त्या म्हणतात. सगळे हसत असताना एखादीला अपमान वाटतो. तिची ती अस्वस्थता म्हणजे काहीतरी चुकते आहे याची पहिली खूण असू शकते. ‘असू शकते’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. जॅगर भावनेला अंतिम शब्द मानत नाहीत, आणि नवख्या अभ्यासकांच्या लेखनात नेमके हेच विधान अर्धे उद्धृत झालेले दिसते.

आता सोलापूरकडे वळू. येथील विडी कामगार स्त्रीच्या दिवसाकडे आपण मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य यांच्या चौकटीतून पाहतो आणि ते पाहिलेच पाहिजे. परंतु कारखान्यात माल जमा करण्याची वेळ जवळून पाहिली, तर आणखी काही दिसते. घरी सूप मांडीवर घेऊन, तेंदूची पाने मापाने कापून, तंबाखू भरून वळलेल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या विड्या ती पिशवीतून घेऊन येते. तपासणारा एकेक बंडल उचलतो, दाबून पाहतो आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला टाकतो. त्यांचे पैसे मिळत नाहीत, पाने मात्र खर्ची पडलेली असतात. हे चालू असताना तिचा चेहरा शांत असतो. मी अशा रांगेलगत उभा असताना एका बाईंनी बाहेर आल्यावर सांगितले, “तिथं तोंड उघडलं तर उद्या अजून काढत्यात, म्हणून गप बसायचं. मग घरी आलं की पोरावर ओरडतो.” अर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या अभ्यासातून मांडलेली भावनिक श्रमाची संकल्पना आपल्याला ठाऊक असते. तेथे हसतमुख राहणे हा नोकरीचाच, म्हणजे पगारात धरलेला भाग होता. सोलापूरच्या या रांगेतील गप्प राहणे कोणत्याही करारात नाही, कोणी ते शिकवलेले नाही आणि त्याचा मोबदलाही नाही. तरीही त्यावाचून काम टिकत नाही. शिवाय तिचा राग ज्याच्यावर आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तो घरात उतरतो. संकल्पना परदेशातून आणली, तर ती येथे कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी, हे असे नेमके लिहावे. प्रबंधाचे खरे योगदान तेथेच असते. आणखी एक सावधगिरी सांगतो. मुलाखतीच्या वेळी सासू, मुलगा किंवा मुकादम शेजारी असेल, तर रागाऐवजी समाधानाचेच बोलणे कानी पडते. त्या समाधानाचीही नोंद करावी, पण शेजारी कोण होते हे त्याच पानावर लिहावे.

पर्यावरणाच्या बाजूने येणाऱ्यांसाठी व्हॅल प्लमवुड यांचे १९९३ मधील लेखन पायाभूत आहे. विवेक आणि निसर्ग, पुरुष आणि स्त्री, मन आणि शरीर या जोड्यांमध्ये एकाला धनी आणि दुसऱ्याला साधन ठरवणारी एकच चाल आहे, अशी त्यांची मांडणी आहे. स्त्रीवाद आणि पर्यावरणवाद भावनेच्या प्रश्नावर एकत्र का येतात, याचे उत्तर तेथे मिळते. मात्र त्यावरून ‘स्त्रिया निसर्गाच्या जवळ असतात, म्हणून त्यांना निसर्गाचे दुःख अधिक कळते’ असे विधान करण्याचा मोह होतो आणि तो टाळावा. बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये पर्यावरणवादी लेखिका वंदना शिवा यांच्या अशाच वळणाच्या मांडणीवर घेतलेला आक्षेप येथे निर्णायक वाटतो. स्त्रीचे पर्यावरणाशी असलेले नाते तिच्या स्वभावातून येत नाही. जमिनीची मालकी, श्रमविभागणी, वर्ग आणि जात यांतून ते घडते. सोलापुरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाणी कधी येईल या काळजीने रात्री कोण जागे असते, हे पाहिले की अगरवाल यांचे म्हणणे पटते. काळजी ही भावना आहे, आणि ती घरातील कामाप्रमाणेच वाटली गेलेली आहे.

पर्यावरणीय शोकाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी परिसर बदलून गेल्यावर, घर न सोडताही घर हरवल्याची जी वेदना तेथील लोकांना होत होती, तिला ग्लेन अल्ब्रेख्ट यांनी सोलास्टॅल्जिया हे नाव दिले. हा शब्द आता कोणत्याही दुःखाला लावला जातो, आणि तसे होऊ नये. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते आणि ते पाहायला माणसे जातात. तेथील उठवलेल्या कुटुंबांचे दुःख हे विस्थापनाचे आहे; गाव गेले, कोणी घालवले तेही ठाऊक आहे आणि मोबदल्याचा, पुनर्वसनाचा दावा त्या दुःखाला जोडलेला आहे. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडील कोरडवाहू गावात राहून, वर्षानुवर्षे विहिरी आटताना पाहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख अल्ब्रेख्ट यांच्या संकल्पनेच्या अधिक जवळ आहे, कारण त्याचे गाव जागेवरच आहे. दोन दुःखांचे राजकारण वेगळे आहे, आणि संकल्पना काटेकोर वापरली तरच तो फरक दिसतो.

शोकाइतकेच मौनही अभ्यासावे. कारी नॉरगार्ड यांनी २०००-०१ च्या हिवाळ्यात नॉर्वेमधील एका गावात राहून पाहिले, की हवामान बदलाची माहिती सर्वांना होती, तरी त्याबद्दल कोणी बोलत नव्हते; अपराधीपणा आणि हतबलता या भावना दूर ठेवण्याची सवयच तेथे सामाजिक रीत झाली होती. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि पाणी यांविषयी असेच घडते. उजनीची एकूण साठवण क्षमता ११७ टीएमसी, आणि त्या पाण्याचा मोठा वाटा उसाला जातो हे बागायतदारालाही माहीत असते. पण ऊस हा त्याचा अभिमान आहे, मुलांच्या शिक्षणाचा आधार आहे आणि त्यामुळे हा विषय निघाला की गप्पा दुसरीकडे वळतात. अभिमान ही येथे अज्ञानापेक्षा अधिक भक्कम तटबंदी ठरते. शेतकऱ्याला अडाणी ठरवणारे अहवाल म्हणूनच निरुपयोगी होतात.

सर्वात जास्त शिकायला मिळाले ते नान्नजला. बार्शी रस्त्यावरील या माळरानावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले त्याचे क्षेत्र कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर बंधने आली, तक्रारी वाढत गेल्या आणि अनेक वर्षांनी हे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोक मात्र आता तेथे क्वचितच दिसतो. येथे दोन भावना समोरासमोर उभ्या आहेत. पक्षिप्रेमींचा शोक खरा आहे: बहुधा एकच अंडे घालणारा, उघड्या माळावर घरटे करणारा हा पक्षी माळ फोडला गेला की उरत नाही. शेतकऱ्याचा राग तितकाच खरा आहे, कारण स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमीन विकायला त्याला वनखात्याच्या दारी जावे लागले. ज्युडिथ बटलर विचारतात, की कोणाचा मृत्यू सार्वजनिक शोकाला पात्र ठरतो. अ‍ॅश्ली कन्सोलो यांसारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न मनुष्येतर जिवांपर्यंत नेला. नान्नजला तो प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. पक्ष्याचा शोक वर्तमानपत्रात, परिसंवादात, न्यायालयात पोहोचतो. राजस्थान-गुजरातमधील माळढोक आणि वीजवाहिन्या यांच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये वाचला. शेतकऱ्याच्या रागाला ‘स्थानिकांचा विरोध’ या दोन शब्दांत जागा मिळते. आणि मेंढपाळ कुटुंबे, ज्यांच्या चराईच्या वाटा बंद झाल्या, त्यांचा राग तर नोंदलाही जात नाही, कारण सातबाराच त्यांच्याकडे नसतो. माझ्या मते भावनेचा राजकीय सिद्धान्त येथे सुरू होतो: कोणाच्या भावनेला पुराव्याचा दर्जा मिळतो आणि कोणाच्या भावनेला अडथळ्याचा, याची कारणे मालकी, जात आणि भाषा यांत शोधायची.

कामाच्या पद्धतीविषयी थोडे. प्रत्येक मुलाखतीच्या नोंदीत भावनेचे नाव लिहून थांबू नये. ती कशाबद्दल आहे, कोणाविरुद्ध आहे आणि ती धरून माणसाने काय केले किंवा करायचे टाळले, हे लिहावे. त्याच प्रश्नाची कागदपत्रे, म्हणजे गॅझेटमधील अधिसूचना, मजुरीचे दर, धरणाच्या पाण्याचे वाटप, शेजारी ठेवावीत. इंग्रजी मूळ ग्रंथ वाचण्याला पर्याय नाही, पण ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे जुने अंक आणि ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधही चाळावेत. नोकरीच्या दृष्टीने हा विषय घेतल्याने सेट-नेटची तयारी सुटत नाही. तो अभ्यासक्रम वेगळा आहे आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. महाविद्यालयीन जागा मोजक्याच निघतात, तेव्हा पाणी, आरोग्य आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांमधील संशोधनाची कामेही खुल्या मनाने पाहावीत. ऐकण्याचे हे प्रशिक्षण तेथे थेट उपयोगी पडते.

मौखिक परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो, की संशोधकाच्या स्वतःच्या भावनांनी निष्कर्ष बिघडले नाहीत कशावरून. त्याचे उत्तर तोंडी रचण्यापेक्षा संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहून ठेवावे. मी तेथे लिहिले होते, की माळरान मला प्रिय आहे आणि म्हणून वनखात्याची बाजू मला लवकर पटत असे; हे लक्षात घेऊन शेतकरी आणि मेंढपाळ यांच्या मुलाखती मी आधी पूर्ण केल्या आणि अधिकाऱ्यांच्या नंतर घेतल्या, जेणेकरून अधिकाऱ्यांना विचारायचे प्रश्न त्या मुलाखतींतून यावेत. परीक्षकांनी त्या परिच्छेदावरच सर्वाधिक वेळ घेतला, आणि पुढचा प्रश्न मेंढपाळांच्या चराई हक्कांविषयी विचारला.