पोट बिघडलंय म्हणून जेवत नाही? आधी या चुका टाळा

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात फ्रिजवर पोट साफ करायच्या चूर्णाची एक बाटली असायची. आजीची होती खरं तर, पण मी १९ वर्षांची असताना त्यातलं निम्मं मीच संपवलं आणि कोणाला पत्ता नाही, कारण आजीला वाटायचं आजोबा घेतात आणि आजोबांना वाटायचं आजी घेते. मला तेव्हा ॲनोरेक्सिया होता, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण तोडत जाण्याचा मानसिक आजार. हे नाव पुढे दीडेक वर्षाने कळलं, तोपर्यंत सगळ्यांच्या लेखी मला "गॅसेसचा त्रास" होता. आता ओळखीतल्या एका मुलीचं डिट्टो तेच चाललंय म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, पण ह्या चुका मी सगळ्या करून बसलेय.

सगळ्यात मोठी चूक, पोट जड वाटतं म्हणून अजून कमी जेवणं. होतं काय, खाणं खूप कमी झालं की शरीर सगळीकडे काटकसर करायला लागतं आणि त्यात जठरही आलं, ते अन्न पुढे ढकलायचा स्पीडच कमी करतं. मी दुपारी १ वाजता अर्धी वाटी वरणभात खायचे आणि ४ वाजता ढेकर यायची ती त्याच वरणाची, छातीच्या खाली दगड ठेवल्यासारखं, आणि पोट असं टम्म की मैत्रिणीची जीन्स सैल होती तरी बटण नकोसं व्हायचं. ह्याला डॉक्टर गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. मग रात्री भूक नाही, मग जेवण नाही, मग जठर अजून मंद, की परत तेच. म्हणजे मी समजत होते पोट बिघडलंय म्हणून जेवत नाही, आणि होतं बरोब्बर उलटं. आणि घरच्यांनो, हा त्रास खरा असतो हां, "नाटकं करते" म्हणू नका. ती म्हणते पोट भरलं तेव्हा तिला खरंच भरल्यासारखं वाटत असतं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांना आधी कसलाच आजार नव्हता, तरी त्यांचीही पोटं कुरकुरायला लागली, सारखी थंडी वाजायची, डोक्यात दिवसरात्र जेवण, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण मी पण रात्री २ वाजेपर्यंत मोबाईलवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे आणि मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय.

आता चूर्ण. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य नाशकातल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती काम करते मोठ्या आतड्यावर, आणि जेवणातलं जे काही शोषायचं ते लहान आतड्यात आधीच शोषून झालेलं असतं. मग सकाळी काट्यावर जे कमी दिसतं ते काय? पाणी. फक्त पाणी, आणि पाण्यासोबत पोटॅशियम. पोटॅशियम उतरलं की आतडं आणखी सुस्त पडतं, म्हणजे बद्धकोष्ठ वाढतं, आणि खरी भीती हृदयाची, ठोक्यांची लय बिघडते. ह्यात गंमत म्हणजे (गंमत कसली) चूर्ण बंद केलं की शरीर घाबरून पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, चेहरा सुजतो, आणि आपल्याला वाटतं बघा, जाड झाले, की परत बाटली. ती सूज जाते, थोडे दिवस लागतात. पण बरेच महिने घेत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, डॉक्टरला सांगून करा, ते लागलं तर आतड्यात पाणी ओढणारं सौम्य औषध देतात.

बद्धकोष्ठावर दुसरा घरगुती सल्ला म्हणजे इसबगोल घे, काकडी-गाजर खा, ओट्स खा. एरवी ठीक आहे, पण इथे आतडं आधीच हळू, वर पाणी पीत नाही, जेवण तर नाहीच, त्यात चोथा भरला तर पोट फुगणारच. मी एका फेब्रुवारीत मखमलाबादहून मामांनी पाठवलेल्या द्राक्षांवर आणि काकडीवर दिवस काढले होते, पोट नुसतं नगारा. मला शेवटी झेपली ती आजीची तांदळाची पेज, मऊ भात तूप घालून, दूध, केळ्याचं शिकरण. पातळ अन्न जठरातून लवकर पुढे सरकतं, म्हणून सुरुवातीला थोडं थोडं, तीन-साडेतीन तासांनी, भूक असो नसो. घड्याळ बघून. भुकेची वाट बघत बसू नका, ती येणारच नाहीये इतक्यात.

यूट्यूब बघून आज गहू बंद, उद्या दूध बंद, परवा डाळ बंद हे तर करूच नका, कारण आजाराला तेच पाहिजे असतं, एकेक पदार्थ ताटातून काढायला कारण. आणि खरंच गव्हाची शंका असेल तर आधी सीलिएकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) टेस्ट करा, गहू सोडून मग टेस्ट केली तर ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते.

उपासाचंही बोललं पाहिजे, कोणाला राग आला तरी. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, मी सगळे धरले होते. सोसायटीतल्या काकू आईला म्हणायच्या, या वयात किती श्रद्धा बाई! श्रद्धा वगैरे काही नव्हती, न जेवायला मिळालेलं लायसन्स होतं ते, साबुदाणासुद्धा "तेलकट" म्हणून परत करायचे. पोटाला विश्रांती मिळते म्हणतात, पण हे पोट आधीच झोपलेलं आहे, त्याला अजून किती विश्रांती देणार.

ज्यांना जेवल्यावर मुद्दाम उलटी काढायची सवय लागली आहे त्यांनी उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, ॲसिडने मऊ झालेलं दातांवरचं आवरण आणखी घासलं जातं, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. कानाखाली गाल सुजतात ते लाळेच्या ग्रंथींमुळे, चरबी नाही ती. उलटीत रक्त दिसलं, छातीत जोरात दुखलं, चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी.

डॉक्टरपासून लपवणं ही माझी चूक. एका क्लिनिकमध्ये एंडोस्कोपी झाली, नॉर्मल आली, ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या आणि विषय संपला. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे सांगितलं! चूर्ण घेते, जेवण टाळते, हे सांगा, नाहीतर सगळे रिपोर्ट बघून पण काही कळत नाही. मेडिकलमधून जठर हलवणाऱ्या गोळ्या स्वतःच आणू नका, त्यातल्या काही हृदयाच्या लयीवर परिणाम करतात, पोटॅशियम कमी असताना तर जास्तच, म्हणून आधी रक्त आणि ईसीजी.

आणि घरच्यांची चूक याच्या अगदी विरुद्ध. कळल्या कळल्या मामी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. प्रेमच ते, पण फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम खूप गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतं, जीवावर बेततं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. वजन खूप उतरलेलं असेल, कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर पहिले काही दिवस ॲडमिट करूनच, रक्त तपासत तपासत जेवण वाढवतात. नुसत्या पोटाच्या डॉक्टरने होत नाही, मानसोपचारवाले आणि आहारतज्ज्ञ दोघं लागतात. कुठे जावं तेच सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जेवण नीट सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पोट जास्तच फुगतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन वेळा अर्ध्यात सोडलं नसतं. सैल सलवार, गरम पाण्याची पिशवी, जेवल्यावर आईशी टीव्हीसमोर टाइमपास, आरशापासून लांब, एवढंच करायचं. माझं सहाव्या की सातव्या आठवड्यात असेल, कॉलेज रोडला मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसले होते, घड्याळात ४ वाजलेले, आणि पोटात काहीतरी गुडगुडलं. मला वाटलं झालं, परत गॅस. दोन मिनिटांनी लक्षात आलं की ही भूक आहे. गाडी थांबवून उलटा वडापाव घेतला, निम्मा खाल्ला, निम्मा तिने हिसकावला, आणि मला त्याचा रागही आला.