जर्मनीत शिकायला निघालेल्या नागपूरच्या पोट्ट्यांसाठी: पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे

ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला निघणाऱ्यांचे मेसेज जून-जुलैपासूनच यायला लागतात. ताई कुकर तीन लिटरचा नेऊ का पाचचा, ताई थर्मल बर्डीवरून घेऊ का तिकडेच घेऊ, ताई सावजी मसाला किती किलो भरू. कुकरचं काय, कोणीही सांगेल. पण जे विचारायला पाहिजे ते कोणी विचारतच नाही, ते म्हणजे इथे आल्यावर कोणता कागद आधी आणि कोणता नंतर. जर्मनीत पहिले दोन महिने अभ्यासाचे नसतात, कागदांचे असतात, आणि प्रत्येक कागद दुसऱ्या कागदात अडकलेला असतो. घर नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर आन्मेल्डुंग (गावाच्या ऑफिसात पत्त्याची नोंद) नाही, ते नाही तर टॅक्स नंबर नाही आणि रेसिडेन्स परमिटही नाही. "चल बे, तिथे आपल्या काकाच्या ओळखीचा माणूस आहे, जाऊन येऊ" हे इथे चालतच नाही. ऑनलाइन टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घ्यायची आणि त्या वेळेला फाइल घेऊन हजर व्हायचं, बस.

निघायच्या आधीचं पटकन सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे आहे. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीट-डिग्र्या खऱ्या असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी लागतेच, त्याला वेळ लागतो म्हणून मार्कशीट हातात आल्या आल्या अर्ज टाका. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि महिन्याला ठरावीकच काढता येणारं खातं, त्याचा आकडा सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाला, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात, तरी भरायच्या आधी कॉन्सुलेटच्या साइटवर एकदा पाहून घ्या. नागपूर मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या हद्दीत येते. आणि फुकट शिक्षण, फुकट शिक्षण म्हणून नातेवाइकांना सांगायच्या आधी कोणत्या राज्यात चाललात ते पाहा, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आपल्यासारख्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, टीयू म्युनिक या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली आहे. बाकी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फक्त सेमिस्टर काँट्रिब्युशन, म्हणजे सेमिस्टरची छोटी वर्गणी, भरावं लागते.

घरचे लोक एक गोष्ट विसरतात. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे महिन्याच्या महिन्याला सुटतात, पण घरमालक कॉशन म्हणजे डिपॉझिट सुरुवातीलाच मागतो आणि ते कायद्याने तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटपर्यंत (हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून नुसतं भाडं) असू शकते. वरून पहिलं भाडं, गादी, भांडी, जॅकेट. म्हणून त्या अकाउंटच्या बाहेरचे वेगळे पैसे हाताशी ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात बाबांना फोन करावा लागते आणि ते बिचारे रात्रभर जागतात.

सामानाचं. बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, खाऊ म्हणून थोडेसे आणले तरी नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाही, आणि हो, खव्याची संत्रा बर्फी पण नाही. खुद्द संत्रीही नाही, कारण डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळ-भाजीला प्लांट हेल्थ सर्टिफिकेट लागते, त्यातून सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियनला. आता नागपूरहून ड्युरियन कोण नेणार बाप्पा! ताजा कढीपत्ताही बादच. कोरडे मसाले, पोहे, डाळ, पापड, तिखट, लोणचं हे न्या. तसंही तूरडाळ इंडियन स्टोअरमध्ये भेटते आणि कोथिंबीर, हिरवी मिरची, मसूर टर्किश दुकानात स्वस्त भेटते, त्यामुळे बॅगेतली जागा डाळीत घालवू नका, सावजी मसाल्यात घालवा, तो इथे कुठेच भेटत नाही.

आता घर, आणि इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पोट्टे इथेच अडकतात. ॲडमिशन लेटर आल्याच्या दिवशीच श्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची होस्टेल-मेस चालवणारी संस्था, तिच्या होस्टेलला अर्ज टाका, व्हिसाची वाट पाहू नका, वेटिंग लिस्ट लांब असते. केमनिट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या गावांत भाडं म्युनिकच्या मानाने खूपच कमी आहे आणि खोली भेटायचा चान्सही जास्त. बाहेर शेअरिंगमध्ये खोली शोधत असाल तर फसवणुकीचा एक ठरलेला नमुना आहे तो पाठ करून ठेवा: फोटो एकदम चकाचक, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक म्हणते मी सध्या परदेशात आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा, मी चावी कुरिअरने पाठवतो. अशी चावी कधीच येत नाही. खोली स्वतः किंवा तिथल्या कोणा ओळखीच्याने पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. आणि मालकाला पहिलाच प्रश्न हा विचारा, की या पत्त्यावर आन्मेल्डुंग करू देणार का? नाही म्हटलं तर ती खोली कितीही स्वस्त असो, महिनाभरासाठी ठीक आहे, पुढे कामाची नाही.

आन्मेल्डुंग म्हणजे गावाच्या ऑफिसात आपला पत्ता नोंदवणं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असते. मोठ्या शहरात दोन आठवड्यांत टर्मिनच भेटत नाही, तर घाबरू नका, बुकिंगचा ईमेल सांभाळून ठेवा आणि सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी साइट रिफ्रेश करत राहा, कॅन्सल झालेले स्लॉट तेव्हा दिसतात. नेताना पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं एक वेगळं पत्र. भाडेकरार नेला म्हणून ते पत्र माफ होत नाही, बहुतेक लोक इथूनच परत येतात. आत गेल्यावर स्क्रीनवर तुमचा नंबर लागतो, टेबलवरची बाई पासपोर्ट पाहून टाइप करत राहते, आणि मध्येच धर्म विचारते. यात खासगी चौकशी काही नाही, ते चर्च टॅक्ससाठी असते. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर पुढे नोकरी लागल्यावर इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के चर्चला जातात. हिंदू, बौद्ध, मुस्लिम असाल तर काही कापत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांत शिक्क्याचा कागद हातात येतो, त्याचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण पुढे जो तो तोच मागतो.

त्या दिवशी घरी आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं तर लेटरबॉक्सवर आणि बेलवर आपलं नाव लावायचं. हसू नका. इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव पाहून पत्र टाकते, नाव नसलं की पत्र परत. आणि सगळं पत्रानेच येते: बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात दोन दिवसांनी, टॅक्स नंबर काही आठवड्यांनी, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड वेगळं. आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवरचंच लिहा. पासपोर्टवर आपल्या नावापुढे बाबांचं नाव असते ना, ते इथे तुमचंच दुसरं नाव समजतात, म्हणून बँकेपासून युनिपर्यंत सगळीकडे तेच पूर्ण नाव एकसारखं भरा, एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं झालं की डोक्याला ताप होते. पिवळ्या पाकिटात पत्र आलं तर पाकीट फेकू नका, ते सरकारी असते आणि त्यावर पोस्टमन डिलिव्हरीची तारीख लिहून जातो, उत्तर द्यायची मुदत त्या तारखेपासून मोजतात. घराला महिना १८.३६ युरोचं टीव्ही-रेडिओ फीचं पत्र पण येईल, टीव्ही नाही म्हणून सुटका नाही, पण ती फी घरामागे एकच असते, माणसामागे नाही, रूममेट आधीच भरत असेल तर त्याचा नंबर कळवायचा.

हेल्थ इन्शुरन्समध्ये स्वस्त पाहून प्रायव्हेट घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. वय तिशीच्या आत असेल तर पब्लिकचा स्टुडंट रेट भेटतो, आणि एकदा प्रायव्हेटसाठी पब्लिकमधून बाहेर पडलात की पूर्ण शिक्षण होईपर्यंत पब्लिकमध्ये परत येता येत नाही. युनिला काय ते पब्लिकवाले ऑनलाइन कळवतात. रात्री-अपरात्री तब्येत बिघडली पण जिवावरचं नाही, तर ११६११७ लावा, जिवावरचं असेल तर ११२, पोलिसांना ११०.

खोलीत हीटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात. थंडी वाजली की आपण सरळ ५ करतो, पण ते कूलरच्या पंख्यासारखं नाही, ५ म्हणजे जोरात नाही, ५ म्हणजे जास्त तापमान. ३ वर साधारण २० डिग्री होते, तेवढं पुरते. वर्षाच्या शेवटी हीटिंगचा हिशोब येतो तेव्हा कळते. आणि खिडकी! पंचेचाळीस डिग्रीतून आलेला माणूस हिवाळ्यात खिडकी उघडायला तयारच नसते, पण वरण-भाताच्या कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, सगळी थंड भिंतीवर जाऊन बसते आणि महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते, मग घर सोडताना ती कॉशनमधून कापतात. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद. फोडणी देताना किचनचं दार लावायचं, खोलीत स्मोक डिटेक्टर असते आणि तर्रीचा ठसका त्याला समजत नाही.

रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनवरची सोडून. म्हणून शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटली-कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची, बाटली चेपायची मात्र नाही, मशीन घेत नाही. ट्रामला गेट नाही म्हणून फुकट नाही, बिनातिकीट सापडलं तर ६० युरो. डॉइचलांड टिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बस-ट्रामचा महिन्याचा पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे, ज्या युनिने करार केला तिथे विद्यार्थ्यांना ते ६० टक्के किमतीत भेटते, पण आयसीई या फास्ट गाडीत ते चालत नाही. आणि जर्मन गाड्या मिनिटावर धावतात हे डोक्यातून काढा. एअरपोर्टला जायचं असेल तर एक गाडी आधीची धरा.

आता युनि. इथे अटेंडन्सची कटकट बहुतेक लेक्चरला नाही, आणि आपल्याकडची पोरं तिथेच घसरतात, कारण विचारणारं कोणी नाही. मिडटर्म नाही, इंटर्नल नाही, शेवटी एक परीक्षा आणि त्यावरच सगळा ग्रेड. १.० सगळ्यात चांगला, ४.० पास, ५.० नापास. नागपूर युनिव्हर्सिटीत बॅक लागली तर पुढच्या सेमला काढू म्हणतो ना आपण, तसं समजू नका. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच चान्स असतात, कंपल्सरी विषय तिसऱ्यांदा गेला तर कोर्समधून नाव कटते आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. परीक्षेला वेगळं ऑनलाइन रजिस्ट्रेशन असते, त्याची तारीख गेली की प्रोफेसरच्या हातापाया पडून उपयोग नाही. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या, त्यात काही कमीपणा नाही. टाइमटेबलवर दहा सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला, एस.टी. असेल तर दहाला ठोक. संपल्यावर सगळे बाकावर बोटं ठोकतात, तुम्हीही ठोका, त्या टाळ्याच आहेत.

पार्ट टाइम जॉब पहिल्याच महिन्यात लागेल या भरवशावर येऊ नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, मार्च २०२४ आधी हे १२० आणि २४० होते. युनितलं हीवीचं, म्हणजे स्टुडंट असिस्टंटचं, काम या दिवसांत मोजत नाहीत, म्हणून पहिल्या सेमिस्टरला प्रोफेसरच्या लॅबचे नोटीस बोर्ड पाहत राहा. बाहेरच्या कामाला जर्मन लागते. कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून भाषा सोडून देणारे नंतर फार रडतात. जर्मनची ए२ लेव्हल तरी नागपुरातूनच करून या, इथे असाइनमेंट सुरू झाल्या की क्लासला वेळ राहत नाही, आणि बेकरीतल्या बाईला तुमच्या मास्टर्सशी काही देणंघेणं नसते, ती जर्मनच बोलते.

नोव्हेंबरपासून दुपारी साडेचार-पाचलाच अंधार होते, डिसेंबरात त्याहून लवकर. तेव्हा उदास वाटते, सगळ्यांनाच वाटते. दिवसा लेक्चरच्या मधल्या वेळात बाहेर चालून या, मेन्सात, म्हणजे युनिच्या कँटीनमध्ये, चार लोकांत जेवा. घरी फोनची वेळ ठरवून टाका, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जाते आणि साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो, म्हणजे तुम्ही सहाला घरी आलात तेव्हा आईचे साडेदहा वाजलेले असतात.

शेवटचा कागद रेसिडेन्स परमिटचा. पासपोर्टवरचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो. आन्मेल्डुंग झाल्या झाल्या आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या परमिटच्या ऑफिसला, ऑनलाइन अर्ज किंवा ईमेल टाका, उत्तर आलं नाही तरी पाठवल्याचा पुरावा ठेवा, व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलेला पाहिजे हे महत्त्वाचं. कार्ड यायला उशीर असेल तर ते मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात. डिसेंबरात चुलत भावाचं लग्न आहे म्हणून नागपूरचं तिकीट काढत असाल तर आधी त्या कागदावर रेसिडेन्स कायद्याच्या कलम ८१ चं कोणतं पोटकलम टिक केलं आहे ते पाहा. चौथं असेल तर जाऊन परत येता येते. तिसरं असेल तर लग्न व्हिडिओ कॉलवर पाहा.