कॅम्पर ट्रेलरमधला पहिला हिवाळा

ऑस्ट्रेलियात प्रादेशिक भागाच्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या भागाच्या, व्हिसावर येणाऱ्या कुटुंबांना पुष्कळदा नोकरी आधी मिळते आणि भाड्याचे घर मात्र कितीतरी दिवस मिळत नाही. मिल्डुराला आलो तेव्हा आमचीही तीच स्थिती होती. मेलबर्नहून साडेपाचशे किलोमीटर ओढत आणलेला एक जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची आणि वर तंबूसारखी कापडी खोली उघडणारी गाडी, मरे नदीकाठच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये उभा करून आम्ही नवरा-बायकोने मे ते ऑगस्ट असे चार महिने त्यात काढले. नवीन येणारे लोक नेहमी जागेविषयी विचारतात. जागेची सवय आठवड्याभरात होते. खरी काळजी घ्यावी लागते ती ओलीची.

मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे ओल म्हणजे पावसाची, असेच मी धरून चाललो होतो. मिल्डुराला वर्षाकाठी जेमतेम २९० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून मी निश्चिंत होतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गादी उचलली, तर खालच्या प्लायवूडवर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके पसरलेले होते आणि गादीची खालची बाजू हाताला गार, चिकट लागत होती. ती ओल आमचीच होती. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, रात्रीचे तापमान चार अंशांपर्यंत उतरते, आणि बंद कापडी खोलीत दोन माणसांच्या श्वासातली वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन पाणी होते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा लाकडी पट्ट्या पहिल्या दिवसापासून घालाव्यात, आणि कितीही थंडी असली तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटे उघड्या ठेवूनच झोपावे.

थंडीमुळे गॅसची शेगडी आत पेटवून ऊब घेण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने त्याच खोलीत उतरते. आणि त्याहून भयंकर गोष्ट अशी की, त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जिवावर बेतते. ज्याचा धूर नळीने बाहेर जातो असा डिझेल हीटर घ्यावा किंवा पार्कची वीज असेल तर विजेवर चालणारा छोटा हीटर कापडापासून दूर ठेवून वापरावा, आणि या वायूची सूचना देणारा अलार्म कोणत्याही परिस्थितीत बसवावाच. स्वयंपाक बाहेरच्या छताखाली करावा. फोडणीचा वास कॅनव्हासमध्ये एकदा मुरला की निघत नाही, आणि बाहेर शिजवल्याने कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफही आत कोंडली जात नाही. भिजवलेली डाळ आणि भात एकाच कुकरमध्ये लावल्याने आमचा गॅस बराच वाचला.

कापड नवे असेल तर राहायला जाण्यापूर्वी ते उभे करून पाइपने पूर्ण भिजवावे आणि कडकडीत वाळू द्यावे. असे दोन-तीनदा केल्यावर धागा फुगतो आणि शिवणीतली सुईची भोके बुजतात. पहिल्याच पावसात शिवण गळली म्हणून घाबरून जाऊ नये. धुताना डिटर्जंट लावू नये, त्याने पाणी अडवणारा लेप जातो. आतून बॅग किंवा पांघरूण कापडाला टेकलेले असेल, तर नेमके तिथूनच पाणी झिरपते.

विजेविषयी एकच सांगतो. पार्कमधला प्लग १५ अँपिअरचा असतो आणि त्याची अर्थिंगची पट्टी घरातल्या प्लगपेक्षा रुंद असते. ती कानशीने घासून घरच्या सॉकेटमध्ये बसवणारे लोक मी पाहिले आहेत. असे मुळीच करू नये.

वजनाचा हिशेब मात्र बसून करावा. ट्रेलरच्या पत्र्याच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केले की उरेल तेवढेच सामान भरता येते, आणि त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो आधीच गेलेले असतात. तांदळाची पोती, पीठ, स्टीलची भांडी हे जड सामान चाकांच्या आसाजवळ, शक्य तितके खाली ठेवावे. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या गोळ्यावर यायला हवा; मागे भार जास्त झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि गाडी हातात राहत नाही.

घर मिळाल्यावर ट्रेलर लगेच मिटवून ठेवू नये. आम्हाला किल्ल्या मिळाल्या त्या सकाळी दव पडलेले होते आणि कापड ओले असतानाच घडी करावी लागली. नव्या घराच्या अंगणात त्याच संध्याकाळी तो पुन्हा उभा केला आणि शिवणीच्या कडांवर हात फिरवून त्या पूर्ण कोरड्या लागेपर्यंत, म्हणजे सलग दोन दिवस, तसाच उघडा ठेवला.