लांब पल्ल्याच्या पार्सल वाहतुकीसाठी कोणत्या कंपनीचे ट्रक घ्यावेत?

पार्सलचा धंदा एका मर्यादेपलीकडे वाढला की भाड्याच्या गाड्यांवर अवलंबून राहणे परवडत नाही, आणि स्वतःचा ताफा उभा करताना पहिला प्रश्न पडतो तो कंपनीचा: टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझ की महिंद्रा? या प्रश्नाचे उत्तर शोरूममध्ये शोधायला जाऊ नये. ट्रकमध्ये कोणता माल भरला जाणार आहे, तो कोणत्या मार्गावर धावणार आहे आणि मध्यरात्री बंद पडला तर कामाचा फिटर किती अंतरावर सापडेल, या तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात. त्यानंतर यादीत दोन किंवा तीनच नावे उरतात.

सुरुवात मालापासून करावी. पार्सलचा माल बहुतेक वेळा वजनाने हलका आणि जागा खाणारा असतो. ३२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ८ फूट उंच कंटेनरमध्ये २,०४८ घनफूट जागा मिळते. घनफुटाला सरासरी ४ किलो माल बसत असेल, तर कंटेनर काठोकाठ भरूनही माल साधारण ८ टनच होतो. अशा मालासाठी मागे एकच एक्सल (चाकांचा आस) असलेला सहाचाकी ट्रक पुरतो, आणि तिथे मल्टी-एक्सल, म्हणजे मागे एकाहून जास्त एक्सल असलेली, गाडी घेणे म्हणजे दर फेरीला जास्त डिझेल, जास्त टायर आणि जास्त टोल यांचा भुर्दंड स्वीकारणे होय. याउलट औषधे, पुस्तके, यंत्रांचे सुटे भाग किंवा कापडाच्या गाठी जास्त असतील, तर मल्टी-एक्सल गाडीला पर्याय नाही. म्हणून आपल्या हबमधून, म्हणजे माल गोळा करून गाड्या भरण्याच्या केंद्रातून, गेल्या तीन महिन्यांत निघालेल्या गाड्यांचे वजन आणि भरलेली जागा यांचा हिशेब आधी काढावा.

केंद्र सरकारने २०१८ साली एक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन एक्सलच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. या वजनात गाडीचे आणि कंटेनरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे विसरू नये. सेल्समन सांगेल तो आकडा बाजूला ठेवून, तशीच बॉडी बांधलेली एखादी रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवून पाहावी. मॉडेलचा आकडा वाचण्याची सवयही उपयोगी पडते: बहुतेक कंपन्यांच्या मॉडेलमध्ये पहिले दोन अंक एकूण वजन टनांत सांगतात आणि पुढचे दोन अंक दहाने गुणले की अश्वशक्ती ढोबळमानाने कळते. २८१८ म्हणजे २८ टनांची, सुमारे १८० अश्वशक्तीची गाडी. ५५३० म्हणजे ५५ टनांचा, ३०० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर-ट्रेलर.

आता मार्ग. भिवंडीहून नागपूरला ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने जाणारी गाडी आणि पुण्याहून खंबाटकी ओलांडून बंगळुरूकडे जाणारी गाडी यांच्याकडून एकाच प्रकारचे काम अपेक्षित नसते. समृद्धीवर इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा घाटाचा चढ टळतो आणि गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते. तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरची प्रत आणि हवेचा दाब जास्त महत्त्वाचे ठरतात, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर कमजोर टायर टिकत नाही. घाटाच्या मार्गावर मात्र अश्वशक्तीच्या आकड्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, इंजिनाचा टॉर्क (ओढण्याचा जोर) आणि उतारावरचा एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाच्या जोरावर वेग कमी करणारा ब्रेक) पाहावा.

मार्ग ठरला की नकाशावर सर्व्हिसचे जाळे मांडावे, आणि माझ्या मते संपूर्ण निवडीत सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि धुराड्यात फिल्टर, सेन्सर आणि युरियाचे द्रावण (डीईएफ) फवारणारी यंत्रणा आली. पूर्वी ढाब्याशेजारचा मिस्त्री डिझेलच्या पाइपातली हवा काढून गाडी चालू करून देत असे. आता एक सेन्सर बिघडला की इंजिन स्वतःहून ताकद कमी करते, आणि कंपनीचे निदान-यंत्र जोडल्याशिवाय दोष सापडत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक मार्गावर दर शंभर किलोमीटरला कोणत्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप आहे, ते रात्री उघडे असते का, आणि त्यांच्याकडे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर, डीईएफ पंप, क्लच प्लेट आणि व्हील बेअरिंग शिल्लक असतात का, हे स्वतः फोन करून विचारावे. हा फोन दिवसा एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा करावा, कारण दोन्ही वेळची उत्तरे वेगळी येतात.

या कसोटीवर टाटा मोटर्स आणि अशोक लेलँड पुढे असतात. टाटांनी १९५४ साली डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून देशातल्या जवळजवळ प्रत्येक महामार्गावर त्यांच्या गाडीची माहिती असलेला माणूस तयार झाला आहे. त्यांच्या अनेक मध्यम आणि अवजड ट्रकांत कमिन्सचे इंजिन असते, आणि टाटा कमिन्सचा एक कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक लेलँडची मुळे चेन्नईजवळच्या एन्नोरमध्ये असल्याने दक्षिणेकडच्या मार्गांवर तिचा हात विशेष भक्कम आहे. २०२० साली आलेल्या तिच्या एव्हीटीआर मालिकेत केबिन, एक्सल आणि गिअरबॉक्स यांची जुळणी गरजेप्रमाणे निवडता येते. या दोन्ही कंपन्यांच्या जुन्या गाड्यांना गिऱ्हाईकही लवकर मिळते, आणि पाच-सहा वर्षांनी ताफा बदलायचा असेल तर ही गोष्ट मोलाची आहे.

आयशरचे ट्रक २००८ पासून व्होल्वोसोबतच्या संयुक्त कंपनीतून इंदूरजवळच्या पिथमपूरला बनतात. मध्यम वजनाच्या गाड्यांत आयशरचा जम जुना आहे, त्यामुळे हलक्या पार्सलच्या सहाचाकी गाडीसाठी हे नाव यादीत असावेच. भारतबेंझ हे चेन्नईजवळच्या ओरगडम येथील डायम्लरच्या कारखान्यातले ट्रक २०१२ साली रस्त्यावर आले. केबिनची मजबुती आणि चालवण्यातला आराम यांसाठी ड्रायव्हर ते पसंत करतात, पण तुमच्या मार्गावर त्यांचे वर्कशॉप किती अंतरावर आहे हे तपासल्याशिवाय सौदा करू नये. महिंद्राचे ब्लाझो ट्रक चाकणला बनतात आणि त्यांत मालाच्या वजनाप्रमाणे इंजिनाची पद्धत बदलणारे बटण असते. पुणे परिसरात हब असलेल्या कंपनीला कारखान्याच्या जवळिकीचा फायदा मिळू शकतो. व्होल्वोचे ट्रक उत्तम असले तरी सर्वसाधारण पार्सलच्या दरात त्यांची किंमत भरून निघणे कठीण आहे.

कंपनी या देशात टिकणार आहे का, हाही प्रश्न गंभीरपणे विचारावा. जर्मनीच्या मान कंपनीने पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या भागीदारीत इथे ट्रक आणले, पुढे कारखाना पूर्णपणे स्वतःकडे घेतला, आणि २०१८ साली भारतातला व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांच्या ताफ्यात अशा गाड्या असतात त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते आणि विकताना भावही मिळत नाही. नव्या कंपनीची गाडी घ्यायचीच असेल, तर कर्जाची मुदत संपेपर्यंत एकही भाग न मिळाल्यास काय करायचे, याचा विचार आधी करावा.

ताफा पन्नास गाड्यांच्या आत असेल, तर दोनपेक्षा जास्त कंपन्या ठेवू नयेत. प्रत्येक नव्या कंपनीबरोबर सुट्या भागांचे वेगळे कपाट आणि वेगळे निदान-यंत्र लागते, फिटरला नवे शिकावे लागते. शिवाय टाटांची फ्लीट एज, लेलँडची आय-अलर्ट आणि महिंद्राची आयमॅक्स अशा गाड्यांचा माग ठेवणाऱ्या निरनिराळ्या ऑनलाइन प्रणाल्यांवर नजर ठेवत बसावे लागते. एकच कंपनी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एखाद्या भागाचा तुटवडा झाला तर अख्खा ताफा एकदमच अडतो. कंपन्या दोन असल्या तरी टायरचा आकार शक्यतो एकच घ्यावा, म्हणजे स्टेपनी कोणत्याही गाडीला चालते.

यादी दोन-तीन नावांवर आली की चाचणी घ्यावी. समजा गाडी महिन्याला १०,००० किलोमीटर धावते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. ४ च्या अ‍ॅव्हरेजला (लिटरमागे ४ किलोमीटर) २,५०० लिटर डिझेल लागते आणि ४.२५ च्या अ‍ॅव्हरेजला सुमारे २,३५३. म्हणजे पाव किलोमीटरच्या फरकाने एका गाडीमागे महिन्याला १३,००० रुपयांहून जास्त आणि वर्षाला दीड लाखांहून जास्त रक्कम वाचते. एवढा पैसा ज्यावर अवलंबून आहे, तो आकडा माहितीपत्रकावरून घेऊ नये. दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच रात्री, एकाच मार्गावर, काट्यावर तोललेल्या सारख्याच वजनाने पाठवाव्यात. निघताना आणि परतल्यावर एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरावी. आणि पुढच्या फेरीत ड्रायव्हरची अदलाबदल करावी. ही अदलाबदल केली नाही तर कंपनीची चाचणी म्हणून आपण प्रत्यक्षात ड्रायव्हरचीच चाचणी घेत असतो. डीईएफ किती लागले तेही लिहून ठेवावे.

अ‍ॅव्हरेजच्या मागे लागताना एका गोष्टीला मुळीच थारा देऊ नये. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे हा प्रकार महामार्गावर चालतो, आणि पुण्याच्या नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक न लागलेल्या अवजड वाहनांनी किती घरे उद्ध्वस्त केली, हे आपण पाहिले आहे. ट्रकचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात; इंजिन बंद असले की कॉम्प्रेसर हवा भरत नाही, आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर टाकीतला दाब उतरतो. फक्त वाचलेल्या लिटरवर बक्षीस देणारी कंपनी ड्रायव्हरला नकळत त्याच वाटेला लावते. म्हणून बक्षिसाच्या हिशेबात उतारावरचा वेग आणि गिअरचा वापर यांची नोंदही धरावी.

ज्याला रात्रभर गाडी चालवायची आहे त्याचे मतही सौद्याआधी घ्यावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, ही फार पूर्वीच व्हायला हवी होती अशी सुधारणा आहे. तरीही झोपण्याच्या फळीची रुंदी, सीटची घडण आणि आरशातून दिसणारी मागची बाजू यांत कंपनीगणिक फरक असतो, आणि तो अनुभवी ड्रायव्हरला एका फेरीत कळतो.

किमतीची बोलणी शेवटी करावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. आपली कंपनी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेते की नाही, यावर गाडीची खरी किंमत ठरते, तेव्हा कोटेशनची तुलना सीएला दाखवूनच करावी. देखभालीच्या वार्षिक करारात ब्रेकडाऊनच्या ठिकाणी पोहोचण्याची मुदत लेखी घ्यावी आणि ती पाळली गेली नाही तर भरपाई किती, तेही लिहून घ्यावे. पहिल्या खेपेला गरजेच्या निम्म्याच गाड्या घ्याव्यात आणि एक पावसाळा व एक दिवाळीचा हंगाम गेल्यावर उरलेल्या मागवाव्यात. नुसती चासी घेऊन बाहेर कंटेनर बांधणार असाल, तर बॉडीवाल्याकडची तारीख आधी पक्की करून मगच कर्जाची रक्कम उचलावी, कारण बांधणी आणि पासिंग (आरटीओची तपासणी) होईपर्यंत गाडी एक रुपयाही कमावत नाही आणि हप्ता मात्र चालू झालेला असतो.